‘रिपोर्ट नॉर्मल होता’, पण किती वाजता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘छातीत दुखतंय म्हणून रुग्णालयात नेलं, ईसीजी काढला, नॉर्मल आहे सांगून घरी पाठवलं आणि पहाटे माणूस गेला.’ अशा आशयाची बातमी वृत्तपत्रांत अधूनमधून येतच असते. पुढचे संवादही ठरलेले असतात. नातेवाईक हलगर्जीपणाचा आरोप करतात, रुग्णालय ‘रिपोर्ट नॉर्मल होता’ असा खुलासा करते. बहुतेक वेळा दोघेही खरेच बोलत असतात, वाद मात्र भलत्याच मुद्द्यावर पेटतो. ईसीजी काढला की नाही, एवढेच विचारले जाते. तो किती वाजता काढला, तेव्हा दुखायला लागून किती वेळ झाला होता आणि दुसरा कधी काढला, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. तातडीच्या विभागातल्या कितीतरी चुका या तीन प्रश्नांतच दडलेल्या असतात, म्हणून हे लांबलचक पत्र. जागेची अडचण असेल तर खुशाल कात्री लावा. औषधांच्या मात्रा आणि वेळा तेवढ्या बदलू नका.

ईसीजीपासूनच सुरुवात करतो. छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी तो दारात आल्यापासून १० मिनिटांत निघाला पाहिजे आणि वाचता येणाऱ्या डॉक्टरच्या हातात पडला पाहिजे, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. पण नेहमीचा ईसीजी म्हणजे हृदयाची १० सेकंदांची नोंद. रक्तवाहिनीतली गुठळी घट्ट बसलेली नसेल, थोडी सुटत, थोडी धरत असेल, तर त्या १० सेकंदांत कागद अगदी स्वच्छ येऊ शकतो. म्हणून दुखणे चालू असेपर्यंत पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढायचा असतो. दुखणे वाढले किंवा घाम फुटला, तर घड्याळाकडे न पाहता लगेच. दोन कागद शेजारी ठेवून पाहायचे, तर छातीवरचे इलेक्ट्रोड दोन्ही वेळी त्याच जागी हवेत. ते काढावे लागले तर पेनाने खुणा कराव्यात. हे साधे काम घाईत राहून जाते आणि मग बदल हृदयात झाला की इलेक्ट्रोड सरकल्यामुळे दिसतो, हे कोणालाच सांगता येत नाही.

इलेक्ट्रोडची जागा ही तर स्वतंत्र डोकेदुखी आहे. व्ही१ आणि व्ही२ हे दोन इलेक्ट्रोड छातीच्या मधल्या हाडाच्या दोन्ही कडांना, चौथ्या आणि पाचव्या बरगडीच्या मधल्या फटीत लावायचे असतात. घाईत ते कॉलरबोनच्या जवळ, दुसऱ्या फटीत चिकटवले जातात. मग कधी नसलेला जुना झटका कागदावर दिसतो, तर कधी असलेली खूण पुसट होते. योग्य जागा बोटाने सापडते. मधल्या हाडावर वरून खाली बोट फिरवले की एक आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी बरगडी, तिच्याखाली दुसरी फट, तिथून दोन फटी खाली उतरायचे. याला जेमतेम १५ सेकंद लागतात.

हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका तर समोरून उलटाच दिसतो. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी हा ईसीजीच्या रेघेचा भाग वर चढण्याऐवजी खाली गेलेला असतो आणि ‘रक्तपुरवठा जरा कमी आहे’ एवढा शेरा मारून रुग्णाला बाकावर बसवले जाते. अशा वेळी तीन इलेक्ट्रोड डाव्या बाजूने पाठीकडे, फऱ्याच्या खालच्या टोकाच्या पातळीवर लावून कागद पुन्हा काढावा. तिथे अर्धा मिलिमीटर उचलही पुरेशी असते. याच्या उलट प्रकार वेलेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवला. दुखणे थांबलेले, रुग्ण गप्पा मारतोय, पण व्ही२ आणि व्ही३ मधली टी लाट उलटी किंवा अर्धी वर, अर्धी खाली. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणारी मोठी वाहिनी चिंचोळी झाल्याची ही खूण असते. अशा माणसाला ट्रेडमिलवर पळवणे म्हणजे संकटाला आवतण. इथे दुखत असतानाचा आणि दुखणे थांबल्यावरचा असे दोन्ही ईसीजी हाताशी हवेत.

ट्रोपोनिनचे तेच. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूंतले प्रथिन; स्नायू जखमी झाल्यावर ते रक्तात दिसायला वेळ लागतो. अतिसंवेदनशील चाचणी असली तरी दुखायला लागून ३ तास झालेले नसताना घेतलेल्या पहिल्याच नमुन्यावर ‘झटका नाही’ असे म्हणता येत नाही. प्रयोगशाळेत कोणती चाचणी आहे त्यानुसार दुसरा नमुना १, २ किंवा ३ तासांनी घ्यायचा. जुन्या पद्धतीची चाचणी असेल तर ६ तासांपर्यंत थांबावे लागते. पाहायचा असतो तो दोन आकड्यांतला फरक. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांचा आकडा कायमच चढा असू शकतो. तो तिथेच स्थिर राहिला तर त्याचा अर्थ वेगळा आणि दोन तासांत चढला तर वेगळा. मधुमेही, वयस्कर माणसे आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखण्याऐवजी नुसती धाप, उलटी किंवा दरदरून घाम एवढेच असू शकते, हे आता बऱ्याच वाचकांना माहीत आहे. ‘ॲसिडिटी’ म्हणून दिलेल्या औषधाने बरे वाटले, यावरून हृदय सुटले असे मात्र होत नाही. गुठळीही मधूनच सैल होते आणि तेवढा वेळ बरे वाटते.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देण्यापूर्वी दोन्ही हातांचा रक्तदाब घ्यावा, हे इथेच नोंदवून ठेवतो. वरच्या आकड्यात २० पेक्षा जास्त फरक, पाठीत फाडत गेल्यासारखी कळ आणि एका बाजूची नाडी मंद, असे जुळून आले तर महाधमनीचा पदर फाटलेला असू शकतो. तिथे हे इंजेक्शन जीव घेते.

आता ‘नॉर्मल’ या शब्दाकडे वळू. काही वेळा नॉर्मल आकडा हीच वाईट बातमी असते. दम्याचा जोरदार झटका आलेला माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळे त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड ३५ च्या खाली उतरलेला असायला हवा. तो ४२ आला तर कागदावर ‘नॉर्मल’ असे छापून येते, कारण यंत्राला ३५ ते ४५ एवढेच शिकवलेले असते. प्रत्यक्षात त्या माणसाची छाती दमत आलेली असते आणि पुढच्या पाऊण तासात तो श्वास सोडून देऊ शकतो. छातीतली शिट्टी थांबली म्हणून समाधान मानणे ही त्याचीच जोडचूक. हवा आतबाहेर जायचीच थांबली, तर शिट्टी वाजणार कुठून?

पक्षाघातातला सीटी स्कॅनही असाच गैरसमज पसरवतो. पहिल्या काही तासांत, गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात स्कॅन पुष्कळदा जवळपास स्वच्छ असतो. तो काढायचा तो मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे पाहायला. ‘स्कॅन नॉर्मल, म्हणजे पक्षाघात नाही’ असे ऐकले की समजावे, सांगणाऱ्याने स्कॅन पाहिला आहे, रुग्ण पाहिलेला नाही. इथेही घड्याळ निर्णायक. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची मुदत १९९५ च्या अमेरिकी अभ्यासाने ३ तास ठरवली, २००८ च्या युरोपीय अभ्यासाने ती साडेचार तासांपर्यंत नेली. हे तास मोजायचे ते माणूस शेवटचा धडधाकट दिसला त्या क्षणापासून. रात्री ११ ला नीट झोपलेला माणूस सकाळी ६ ला तोंड वाकडे होऊन उठला, तर घड्याळ ११ ला सुरू झालेले असते. केसपेपरवर ‘सकाळी ६ पासून’ असे लिहिणे साफ चूक आहे. मग एमआरआयसारख्या तपासण्यांनी वेगळा निर्णय घेता येतो का, ते पाहावे लागते. नातेवाइकांना ‘कधीपासून?’ एवढेच विचारले तर सापडले तेव्हाची वेळ मिळते. ‘शेवटचं नीट बोलले ते कोणाशी आणि किती वाजता?’ असे विचारले की खरी वेळ बाहेर येते.

या सगळ्याआधी बोटाच्या थेंबावर साखर. साखर ४० असलेला माणूस हुबेहूब पक्षाघाताचा वाटू शकतो, भांडखोर वाटू शकतो, दारू प्यायलेला तर हमखास वाटतो. शिरेतून २५ ग्रॅम ग्लुकोज (२५ टक्क्यांचे १०० मिली किंवा १० टक्क्यांचे २५० मिली) गेले की तो उठून बसतो आणि खरा घोळ इथे सुरू होतो. उठून बसलेला रुग्ण बरा झालेला दिसतो. ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने साखर उतरली असेल, त्यातून मूत्रपिंड थकलेले असेल, तर गोळीचा असर २४ तास आणि त्याहून अधिक टिकतो. दिलेले ग्लुकोज तासाभरात संपते. शिवाय त्याच ग्लुकोजमुळे स्वादुपिंड आणखी इन्शुलिन सोडते. दुपारी ४ ला शुद्धीवर आलेला माणूस रात्री ९ ला घरी, झोपेत, पुन्हा बेशुद्ध पडतो आणि घरच्यांना वाटते, दमून झोपलाय. म्हणून पहिल्या तासात दर १५ मिनिटांनी, नंतर तासातासाने साखर तपासायची, १० टक्के ग्लुकोजची ड्रिप चालू ठेवायची, गरज पडली तर इन्शुलिनचा स्राव रोखणारे ऑक्ट्रिओटाइड ५० मायक्रोग्रॅम त्वचेखाली द्यायचे आणि रुग्णाला रात्रभर ठेवून घ्यायचे. ‘शुद्धीवर आलाय, तरी का ठेवताय?’ या प्रश्नाचे उत्तर गोळीच्या नावात असते. म्हणून रुग्णाला आणताना औषधांची पाकिटे बरोबर आणावीत, रिकामी असली तरी.

रक्तस्रावात फसवणारा आकडा रक्तदाबाचा. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त असते. तरुण, निरोगी माणूस त्यातले दीड लिटरपर्यंत गमावूनही वरचा रक्तदाब टिकवून धरू शकतो. शरीर हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळते, नाडी वाढवते आणि ११० चा आकडा सांभाळते. मग सांभाळणे संपते आणि काही मिनिटांत ११० चा ६० होतो. त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र वाचायचे. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागले आणि उत्तर ०.९ च्या वर आले, तर रक्त कुठेतरी जातेय असे धरून चालावे. नाडी ११८ आणि दाब ११० हा ‘स्थिर’ रुग्ण नव्हे. अर्थात बीटा ब्लॉकर (नाडी मंद ठेवणारी, रक्तदाब-हृदयविकाराची गोळी) घेणाऱ्याची नाडी वाढतच नाही, तिथे हे गणित कोलमडते. गार पडलेले हात, फिकट नखे, अस्वस्थपणा आणि तहान या खुणा तिथे जास्त खऱ्या.

अपघातानंतर पोटाची पहिली सोनोग्राफी स्वच्छ आली, याचा अर्थ त्या वेळी दिसण्याइतके रक्त साचलेले नव्हते, एवढाच. अर्ध्या तासाने तोच प्रोब पुन्हा ठेवायचा. नाडी किंवा पोट बिघडले तर त्याआधीच. मधल्या वेळात सलाईनच्या बाटल्यांवर बाटल्या ओतणे हा जुना रोग अजून गेलेला नाही. सलाईनमध्ये ऑक्सिजन वाहणारे काही नसते, गोठवणारेही काही नसते. त्याने रक्त पातळ होते, अंग गार पडते आणि गार रक्त गोठत नाही. तपासायला कपडे कापले की लगेच पांघरूण घालणे हा उपचारच आहे. रक्तस्राव आटोक्यात ठेवणारे ट्रॅनेक्झामिक ॲसिड १ ग्रॅम १० मिनिटांत, मग १ ग्रॅम ८ तासांत, हे दुखापतीपासून ३ तासांच्या आत सुरू व्हायला हवे. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०,००० हून अधिक जखमींच्या अभ्यासातून लवकर देण्याचा फायदा स्पष्ट झाला. ३ तास उलटल्यावर सुरू केले तर उलट अपाय होऊ शकतो, हेही त्यातूनच कळले.

डोक्याला मार लागलेल्याबद्दल एकच सांगतो. ग्लासगो स्केल १९७४ मध्ये टीसडेल आणि जेनेट यांनी मांडले ते मुळात बेशुद्धीची खोली पुन्हा पुन्हा मोजून तुलना करता यावी म्हणून. आज कित्येक केसपेपरवर ते एकदाच, तेही नुसती बेरीज म्हणून लिहिलेले दिसते. ‘११’ या आकड्यावरून डोळे, बोलणे आणि हालचाल यांतले नेमके काय बिघडले, ते कळत नाही. तिन्ही गुण वेगवेगळे लिहावेत. पूर्ण शुद्ध असेल तरी पहिले २ तास दर अर्ध्या तासाने, पुढचे ४ तास तासातासाने. कवटी आणि मेंदूचे आवरण यांच्यामध्ये रक्त साचणारा माणूस मधले काही तास अगदी नीट बोलतो. आणि तोंडाला दारूचा वास येतोय म्हणून ‘उतरेपर्यंत झोपू द्या’ म्हटले, तर कधीकधी तो उठतच नाही.

कीटकनाशकाच्या विषबाधेवर थोडे जास्त लिहितो, कारण पुन्हा पुन्हा पाहणे म्हणजे काय, हे तिथे हाताने करून दाखवता येते. ऑर्गनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक पोटात गेलेला माणूस स्वतःच्याच स्रावात बुडत असतो. छातीत घुरघुर, तोंडाला फेस, अंगभर घाम, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. उतारा ॲट्रोपिन. पहिली मात्रा १.८ ते ३ मिलिग्रॅम, ५ मिनिटांनी तपासणी, सुधारणा नसेल तर दुप्पट, पुन्हा ५ मिनिटे, पुन्हा दुप्पट. आता ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्यूलचा हिशेब मांडा. पहिल्यांदा ३, मग ६, मग १२, मग २४. सुरुवातीपासून १५ मिनिटांत ४५ ॲम्प्यूल, म्हणजे २७ मिलिग्रॅम. एक माणूस नुसता ॲम्प्यूल फोडायलाच लागतो. काचेने बोटे कापतात, म्हणून त्याच्या हातात गॉजचा तुकडा हवा. ट्रॉलीत १० ॲम्प्यूल ठेवून ‘ॲट्रोपिन उपलब्ध आहे’ असे रजिस्टरवर लिहिणाऱ्या विभागाने हे गणित एकदा करून पाहावे. औषध संपते ते १० व्या मिनिटाला, तिसऱ्या मात्रेतच.

दर ५ मिनिटांनी पाहायच्या गोष्टी पाच. छातीत दोन्हीकडे हवा घुरघुरीशिवाय जाते का, काख कोरडी झाली का, नाडी ८० च्या वर आहे का, वरचा रक्तदाब ८० च्या वर आहे का, बाहुल्या टाचणीएवढ्याच आहेत का. यांतल्या बाहुल्या सर्वांत उशिरा बदलतात, त्यांची वाट पाहू नये. नाडी आधीच १३० आहे म्हणून ॲट्रोपिन रोखणे ही नेहमीची चूक. नाडी भीतीने, ऑक्सिजन कमी पडल्याने किंवा विषानेही वाढते. छाती कोरडी झाली की पुष्कळदा ती आपोआप खाली येते. छाती स्वच्छ झाल्यावर आतापर्यंत गेलेल्या एकूण मात्रेच्या १० ते २० टक्के दर तासाला ड्रिपमधून, म्हणजे वरच्या उदाहरणात तासाला २.७ ते ५.४ मिलिग्रॅम. मग उलटे टोक सांभाळायचे. रुग्ण बडबडायला लागला, ताप चढला, पोटातले आवाज बंद झाले, तर औषध जास्त झाले आहे. ड्रिप थांबवावी आणि खुणा उतरल्यावर कमी वेगाने सुरू करावी.

आणि सगळे सुरळीत झाले असे वाटत असताना, साधारण २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, श्वासाचे स्नायू गळतात. त्याआधी मान गळते. रोज दोन-तीनदा रुग्णाला ‘उशीवरून डोकं उचला’ असे सांगायचे. काल उचलत होता आणि आज उचलता येत नाही, तर व्हेंटिलेटर हाताशी ठेवायची वेळ झाली. या तपासणीला कुठलेही यंत्र लागत नाही. तरीही ती होत नाही, कारण तोवर रुग्ण वॉर्डात गेलेला असतो आणि वॉर्डाला कोणी सांगितलेले नसते.

श्वासनळीत नळी घातली म्हणजे रुग्ण सुरक्षित झाला, हा समज डॉक्टरांमध्येही आहे. मधुमेहातल्या गंभीर ॲसिडोसिसचे, म्हणजे रक्तात आम्ल वाढण्याचे, उदाहरण घ्या. रक्तातले बायकार्बोनेट (आम्ल मारणारा क्षार) ५, रुग्ण मिनिटाला ३६ श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड १५ वर दाबून धरतोय, पीएच (आम्लतेचा आकडा, जितका कमी तितके आम्ल जास्त) ७.१५. कोणीतरी ‘दमलाय’ म्हणून झोपेचे औषध आणि स्नायू सैल करणारे औषध देऊन नळी घालते आणि व्हेंटिलेटरवर सवयीने १४ चा वेग लावते. कार्बन डायऑक्साइड ३० वर गेला तरी पीएच ६.८४ होतो. तो ‘नॉर्मल’ ४० वर नेला तर ६.७२. हृदय थांबते आणि कागदावर कारण ‘मूळ आजार’ असे लागते. अशा रुग्णात नळी टाळता येईल तितकी टाळावी. घालावीच लागली तर स्नायू सैल असतानाचा काळ कमीत कमी ठेवावा, व्हेंटिलेटरचा वेग रुग्णाच्या स्वतःच्या वेगाजवळ ठेवावा, श्वास पूर्ण बाहेर पडतोय ना ते पाहावे आणि १५ ते २० मिनिटांत रक्तवायूंची तपासणी पुन्हा करावी. नळी जागेवर असल्याचा भरवसा बाहेर पडणाऱ्या श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडच्या, मॉनिटरवर दिसणाऱ्या लाटेवर ठेवावा. छातीचा आवाज आणि नळीत दिसणारी वाफ दोन्ही फसवतात.

याच रुग्णात पोटॅशियम ३.५ च्या खाली असेल तर इन्शुलिन आधी सुरू करू नये. इन्शुलिन उरलेसुरले पोटॅशियमही पेशींत ढकलते आणि हृदय बिघडते. साखर २५० च्या खाली आली की इन्शुलिन बंद करणे ही पहाटेच्या पाळीतली लोकप्रिय चूक. साखर उतरली तरी कीटोन, म्हणजे रक्त आम्ल करणारे पदार्थ, उरलेले असतात. तिथे ग्लुकोजची बाटली जोडून इन्शुलिन चालूच ठेवायचे.

काही प्रकार थोडक्यात. तीव्र ॲलर्जीत ॲड्रेनालिन ०.५ मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, ५ मिनिटांनी फरक नसेल तर पुन्हा. ॲविलसारखे ॲलर्जीचे साधे औषध आणि स्टिरॉइड देऊन वाट पाहणे म्हणजे घर जळताना रांगोळी काढणे. रक्तदाब पडलेल्या रुग्णाला झोपवून पाय वर करावेत, धाप असेल तर टेकून बसवावे. पण झोपलेल्याला एकदम उठवून उभे करू नये. बरे वाटल्यानंतर काही तासांनी सगळे उलटून येऊ शकते. पॅरासिटामॉल जास्त प्रमाणात पोटात गेलेला माणूस पहिला दिवस हसतबोलत असतो, यकृत नंतर बोलते. रक्तातली पातळी ४ तासांनी तपासायची आणि उतारा ८ तासांच्या आत सुरू झाला तर तो उत्तम लागू पडतो. पोटॅशियम वाढल्यावर दिलेल्या कॅल्शियमचा असर साधारण अर्धा ते एक तास टिकतो. ईसीजी सुधारला म्हणून पोटॅशियम उतरलेले नसते, आणि सोबत दिलेल्या इन्शुलिनमुळे पुढच्या ५-६ तासांत साखर कोसळू शकते.

एक गोष्ट मात्र थोडक्यात सोडवत नाही, श्वासाची गती. केसपेपर चाळून पाहा. ताप असो, फ्रॅक्चर असो, जंतुसंसर्गाने खचलेला माणूस असो, सगळ्यांची गती २०. कारण ती कोणी मोजतच नाही. नाडी, दाब, ऑक्सिजन यंत्र दाखवते. श्वास पूर्ण मिनिटभर डोळ्यांनी मोजावे लागतात. रक्तात जंतुसंसर्ग भिनत असताना बऱ्याचदा सर्वांत आधी हाच आकडा चढतो. २० चा २८ झाला, हे दाब पडण्याच्या काही तास आधी समजू शकते, पण पहिला २० खरा असेल तरच. आणि ऑक्सिजन लावलेल्या रुग्णाच्या बोटावर ९८ दिसतेय म्हणून श्वास ठीक आहे, असे समजू नये. तो माणूस मिनिटाला ६ श्वास घेत कार्बन डायऑक्साइडने गुंगत गेला तरी यंत्र ९८ च दाखवत राहते.

आता हे सगळे कळत असून होत का नाही? एक कारण उघड आहे, गर्दी. भरती ठरलेले रुग्ण वॉर्डात खाट नाही म्हणून तातडीच्या विभागातच पडून राहतात, नवे येतच असतात, आणि डॉक्टरचा वेळ पहिल्यांदा पाहण्यातच संपतो. दुसऱ्यांदा पाहणे हे कोणाच्याच नावावर नसते. मनुष्यबळ वाढवा, ही मागणी योग्यच आहे, तिची चर्चा तुमच्या पानांवर होतेही. पाळी बदलतानाच्या अर्ध्या तासाची मात्र होत नाही. सकाळी ८ ला निघणारा डॉक्टर सांगतो, ‘तीन नंबर, छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल, ट्रोपोनिन निगेटिव्ह.’ येणारा ऐकतो, ‘तीन नंबर, घरी.’ सांगायला हवे ते असे: ‘तीन नंबर, दुखणं ५ ला सुरू, ईसीजी ६ आणि साडेसहाला, दोन्ही सारखे, ट्रोपोनिन सव्वासहाचं, दुसरं सव्वानऊला घ्यायचंय, ते तुझ्याकडे.’ शेवटचे दोन शब्द नसतील तर सव्वानऊचे ट्रोपोनिन कोणीच घेत नाही.

घरी पाठवतानाच्या कागदावरही हेच. ‘काही वाटल्यास परत यावे’ या वाक्याचा उपयोग शून्य. ‘आज रात्री ११ आणि पहाटे ३ ला उठवून नाव विचारा; उठले नाहीत, दोनदा उलटी झाली किंवा एक हात कमजोर वाटला तर सकाळची वाट पाहू नका’ असे लिहिले तर घरच्यांना काहीतरी करता येते. निघताना नाडी पुन्हा मोजावी. ११५ नाडी घेऊन ‘बरा’ झालेला रुग्ण दाराबाहेर सोडण्याआधी ती ११५ का आहे, याचे उत्तर कागदावर हवे.

रुग्णालय प्रशासनांकडे मागणी दोनच गोष्टींची. केसपेपरवर प्रत्येक तपासणीच्या समोर वेळेचा रकाना आणि त्याला लागून ‘पुन्हा केव्हा, कोण’ असा दुसरा रकाना छापावा. तो रिकामा असेल तर रुग्णाला ना वॉर्डात हलवावे, ना घरी पाठवावे. दुसरी मागणी ऐकून हसू येईल, पण ती आधी करावी लागेल, कारण तिच्याशिवाय पहिलीला अर्थ नाही. विभागातली घड्याळे जुळवा. भिंतीवरचे घड्याळ ४ मिनिटे पुढे, मॉनिटर १० मिनिटे मागे, ईसीजी यंत्राची आतली बॅटरी संपलेली म्हणून त्यावर भलतेच साल, आणि प्रयोगशाळेचा संगणक नमुना घेतल्याची नव्हे तर नमुना पोहोचल्याची वेळ छापणारा. अशा चार घड्याळांवरून कोणता ईसीजी आधीचा आणि कोणता नंतरचा, हे चौकशी समितीलाच काय, त्या रात्री हजर असलेल्यालाही सांगता येत नाही. दर सोमवारी सकाळी एकाने फिरून ती जुळवावीत आणि तशी सही करावी. आणि आपल्या वार्ताहरांना विनंती, पुढच्या वेळी रुग्णालयाच्या दारात ‘ईसीजी काढला होता का?’ असे विचारून झाले की ‘दुसरा किती वाजता काढला?’ हेही विचारावे.

आपला,
तातडीच्या विभागातील एक डॉक्टर